नावातला ‘द’ कोणाचा?

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी ‘द बँड’ या संगीत गटावर लेख लिहिला होता. अंक हातात आला तेव्हा दिसले, की मुद्रितशोधनात लेखातले सगळे ‘द’ गळाले आहेत. मराठीत इंग्रजीचे ‘the’ हे उपपद (आर्टिकल) कशाला हवे, असा विचार करून कोणीतरी अगदी नेकीने लाल शाई चालवली होती. छापून आले ते असे: ‘१९६८मध्ये बँडचा पहिला अल्बम आला. बँडमधले चौघे कॅनडाचे होते.’ दोन वाचकांनी कळवले, की लेख आवडला, पण हे सगळे कोणत्या बँडबद्दल चालले आहे ते शेवटपर्यंत कळले नाही.

ती चूक मला अजून बोचते. ज्या एका अक्षरामुळे तो गट ‘तो’ गट होता, तेच अक्षर अडगळ म्हणून काढले गेले होते. बँडच्या नावात इंग्रजीचे ‘द’ हे निश्चित उपपद असावे की नसावे, हा इंग्रजी संगीतप्रेमींचा जुना वाद आहे आणि पुष्कळांना तो रिकामटेकड्यांचा वाटतो. मला तो तसा वाटत नाही. नाव कोणी ठेवायचे आणि ठेवलेल्या नावात फेरफार कोणी करायचा, हा प्रश्न त्याच्या पोटात आहे.

माझे म्हणणे असे. छापील नाव हे ज्यांचे आहे त्यांच्या मालकीचे असते. त्यांनी ‘द’ घेतला असेल तर तो ठेवावा, घेतला नसेल तर आपल्या मनाने चिकटवू नये. बोलताना लोक काय म्हणतात ते लोकांनी ठरवावे, कारण तोंडातले नाव त्यांचेच असते. पण संपादक, ग्रंथपाल आणि यादी लावणारा संगणक यांना नावाला कात्री लावायचा अधिकार नाही. आणि नवा बँड काढणाऱ्या कोणी विचारलेच, तर मी आणखी एक पाऊल पुढे जाऊन सांगेन, की इंग्रजीत नाव घेणार असाल तर तो शब्द जितका साधा आणि रोजच्या वापरातला, तितकी त्याला उपपदाची गरज जास्त.

‘द बँड’चेच उदाहरण घेऊ. लेव्हॉन हेल्म, रॉबी रॉबर्टसन, रिक डँको, रिचर्ड मॅन्युएल आणि गार्थ हडसन हे पाच वादक आधी रॉनी हॉकिन्स नावाच्या गायकाच्या मागे वाजवत. तेव्हा त्यांना हॉक्स म्हणत, म्हणजे नावसुद्धा गायकाच्या नावावरून पडलेले. मग १९६५पासून ते लोकगीतांच्या ढंगाच्या गाण्यांसाठी गाजलेल्या बॉब डिलनच्या मागे वाजवू लागले. डिलनने विजेची गिटार हातात घेतली म्हणून लोक भर कार्यक्रमात त्याची हुर्यो उडवत होते, आणि तिचा वाटा मागच्यांनाही मिळत होता. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकच्या परिसरात एका गुलाबी रंगाच्या घराच्या तळघरात ते दिवसच्या दिवस वाजवत बसले. आसपासची माणसे त्यांना नुसते ‘द बँड’ म्हणत. डिलनबरोबरचा तो बँड, त्या घरातला तो बँड.

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्राच्या जाहिराती आठवा. वर गायक-गायिकांची नावे ठळक अक्षरांत, फोटोंसकट, आणि तळाला ‘आणि वाद्यवृंद’. त्या तीनचार तासांत ज्यांची बोटे एकदाही थांबत नाहीत त्यांची ओळख तेवढीच. समजा, त्या तळाच्या वादकांनी एके दिवशी ठरवले, की आता आम्ही आमचाच कार्यक्रम करणार आणि आमचे नाव असेल ‘तो वाद्यवृंद’. १९६८मध्ये या पाच जणांनी केले ते हेच. मागच्या रांगेत उभे राहण्यातून जो शब्द मिळाला होता तोच त्यांनी पुढे आणून ठेवला, आणि त्या शब्दाला उभे केले ते उपपदाने. २५ नोव्हेंबर १९७६ला सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात त्यांनी निरोपाचा कार्यक्रम केला. डिलन, मडी वॉटर्स, जोनी मिचेल, नील यंग अशी मंडळी पाहुणी म्हणून आली, एकेक करून पुढे येऊन गायली, आणि हे पाच जण नेहमीसारखे त्यांना साथ करत राहिले. तरी ती रात्र कोणाची होती याबद्दल तिथे कोणाच्याही मनात शंका नव्हती. या नावातला ‘द’ काढला, की ते पाच जण पुन्हा जाहिरातीच्या तळाला जातात. माझ्या लेखात झाले ते असे.

ही गोष्ट एकट्या त्यांची नाही. १९५०च्या दशकातल्या रॉक अँड रोलमध्ये नावांचा एक साचाच होता: पुढे नायक, मग ‘अँड द’, मग उरलेले सगळे. बडी हॉली अँड द क्रिकेट्स. इंग्लंडमध्ये क्लिफ रिचर्ड अँड द शॅडोज. शॅडोज म्हणजे सावल्या, यावरून त्या साच्यात मागच्यांची जागा काय होती ते कळते. लिव्हरपूलची काही मुले १९५९मध्ये याच साच्यातले ‘जॉनी अँड द मूनडॉग्ज’ हे नाव लावून एका स्पर्धेला गेली होती. जॉनी म्हणजे जॉन लेनन. पुढच्या वर्षी हॅम्बुर्गला वाजवायला जाईपर्यंत, मधे एकदोन नावे बदलून, त्यांचे नाव ‘द बीटल्स’ झाले होते. जॉनी गेला, ‘अँड’ गेला, ‘द’ राहिला.

मला हा बदल फार मोलाचा वाटतो. ‘द’ हा साच्यातल्या मागच्यांचा होता. नायकाला नावातून काढल्यावर तोच शब्द सगळ्यांचा झाला. यापुढे पुढचा आणि मागचा असे कोणी नाही, आम्ही सगळे मिळून जे काय आहोत ते हे, असे त्या तीन अक्षरी इंग्रजी शब्दाने जाहीर केले. त्यानंतर साठच्या दशकात जे शेकडो गट निघाले त्यांनी बीटल्सच्या केसांची नक्कल केली तशी उपपदाचीही केली हे खरे, पण नक्कल झाली म्हणून मुळातली गोष्ट हलकी होत नाही.

इंग्रजीत आडनावाचे अनेकवचन करून त्याआधी ‘द’ लावला, की अख्खे घर उभे राहते. आपण ‘कुलकर्णी मंडळी आली’ म्हणतो तसे. १९८२मध्ये मँचेस्टरमध्ये निघालेल्या एका गटाने इंग्लंडातले सगळ्यांत सामान्य आडनाव उचलले आणि ‘द स्मिथ्स’ हे नाव घेतले. त्यांच्यात स्मिथ कोणीच नव्हता. तरी ते नाव ऐकले, की एका घरातली माणसे असल्यासारखे वाटते, आणि तो परिणाम आडनावाचा जितका तितकाच उपपदाचा. मला कोणी ‘द’चे मराठी विचारले तर मी ‘तो’ किंवा ‘ती’ सांगण्याआधी ‘मंडळी’ सांगेन. न्यूयॉर्कच्या रामोन्सनी मात्र वेगळा मार्ग काढला. नात्याने कोणी कोणाचे नसताना प्रत्येकाने रामोन हे आडनावच लावून घेतले, आणि १९७६च्या पहिल्या अल्बमवर उपपदाविना नुसते ‘रामोन्स’ असे छापले. घर आडनावानेच झाले होते, वेगळी ‘मंडळी’ म्हणायची गरज त्यांना वाटली नसावी.

बीटल्सच्या ‘द’कडे पुन्हा येतो, कारण त्याचा एक पुरावा आपल्या देशाशी जोडलेला आहे. १९६८च्या सुरुवातीला चौघे ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात होते आणि तिथे त्यांनी पुष्कळ गाणी रचली. त्यांतली बरीचशी त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला निघालेल्या दुहेरी अल्बमात आहेत. जग त्याला ‘व्हाइट अल्बम’ म्हणते, पण त्याचे खरे नाव ‘द बीटल्स’ एवढेच आहे. मुखपृष्ठ रिचर्ड हॅमिल्टन या चित्रकाराने केले. त्याने छायाचित्र काढून टाकले, रंग काढून टाकला, सजावट काढून टाकली. पांढऱ्या पुठ्ठ्यावर उठावाची पांढरी अक्षरे, किंचित तिरपी, आणि प्रतीचा क्रमांक, एवढेच ठेवले. जे काही काढता येईल ते सगळे काढायला बसलेल्या माणसाने ‘द’ मात्र काढला नाही. तो अल्बम हातात घेऊन पांढऱ्यावरचे पांढरे अक्षर बोटाने चाचपले, तर पहिले लागते ते हे उपपद.

आता दुसऱ्या बाजूकडे. उपपद नको असणाऱ्यांचे म्हणणेही मला तितकेच मान्य आहे, जोवर ते स्वतःच्या नावाबद्दल बोलत आहेत. १९६५च्या सुमारास सिड बॅरेटने पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन अमेरिकी ब्लूज गायकांची पहिली नावे जोडून आपल्या गटाचे नाव केले. सुरुवातीला ते ‘द पिंक फ्लॉइड साउंड’ होते, मग ‘द पिंक फ्लॉइड’. १९६७च्या पहिल्या रेकॉर्डवर उपपद आहे. नंतर ते गळाले. या गळण्याला अर्थ आहे. त्या काळात जेफरसन एअरप्लेन, बफेलो स्प्रिंगफील्ड अशी नावे आली होती, ज्यांत माणसे दिसतच नाहीत. एक वस्तू दिसते, किंवा एखादी जागा, एखादे वातावरण. मंचावर दिव्यांच्या आणि धुराच्या आड उभे राहून वीस मिनिटे एकच धून वाजवणाऱ्यांना ‘आम्ही अमुक मंडळी’ असे सांगायचेच नव्हते.

मराठी वाक्यात हा फरक छान उमटतो. ‘बीटल्स गात होते’ हे आपण सहज म्हणतो. ‘पिंक फ्लॉइड गात होता’ म्हणताना जीभ अडखळते, मग आपण ‘पिंक फ्लॉइडचं संगीत’ असे काहीतरी म्हणून सुटका करून घेतो. एका नावात माणसे आहेत, दुसऱ्यात नाहीत, आणि हे आपल्या भाषेला उपपद नसतानाही कळते.

१९७१मध्ये लॉस एंजेलिसला निघालेल्या ईगल्सचे नाव नुसते ‘ईगल्स’ आहे. बहुतेक सगळे जग त्यांना ‘दि ईगल्स’ म्हणते. विनोदी अभिनेता स्टीव्ह मार्टिनने आत्मचरित्रात सांगितले आहे, की गटातला ग्लेन फ्राय त्याला आवर्जून सांगत असे, नाव ‘ईगल्स’, उपपद नाही. टॉकिंग हेड्स तर याला इतके कंटाळले असावेत, की १९८२च्या त्यांच्या थेट कार्यक्रमांच्या अल्बमचे नावच ‘या बँडचे नाव टॉकिंग हेड्स आहे’ अशा अर्थाचे आहे. अल्बमचे नाव म्हणून एक साधे विधान छापावे लागणे, हे मला हसण्यावारी नेण्यासारखे वाटत नाही. एखाद्या बाईने लग्नानंतर नाव बदलले नाही आणि तरी प्रत्येक पत्रिकेवर, प्रत्येक अर्जावर लोक आपल्या सवयीने नवऱ्याचे आडनाव घालत राहिले, तर तिला काय वाटते ते आपल्याला ठाऊक आहे. चिकटवणे हेही कापण्याइतकेच चुकीचे आहे.

‘एवढ्याशा शब्दाने काय फरक पडतो’ असे म्हणणाऱ्यांनी व्यवसायातली उदाहरणे पाहावीत. १९९०मध्ये इंग्लंडातल्या विगन गावी ‘व्हर्व’ नावाचा बँड निघाला. व्हर्व हे नाव नॉर्मन ग्रँझने १९५६मध्ये काढलेल्या अमेरिकी जॅझ रेकॉर्ड कंपनीचेही होते. कंपनीने हरकत घेतली आणि बँड ‘द व्हर्व’ झाला. १९९३च्या पहिल्या अल्बमवर ‘द’ नाही, १९९५च्या दुसऱ्यावर आहे. म्हणजे ज्या शब्दाला काही वजन नाही असे आपण समजतो, तोच एक कंपनी आणि एक बँड यांच्यामधली भिंत झाला. लंडनच्या ‘स्वेड’ या गटाला अमेरिकेत त्याच नावाची एक गायिका आधीपासून असल्यामुळे ‘द लंडन स्वेड’ व्हावे लागले. बर्मिंगहॅमच्या ‘द बीट’ला मात्र उपपद तारू शकले नाही. अमेरिकेत दुसराही ‘द बीट’ होता, म्हणून तिथे ते ‘दि इंग्लिश बीट’ या नावाने वाजवू लागले. आणि २०२२मध्ये ओहायो राज्य विद्यापीठाने तर कपड्यांवर छापण्यासाठी नुसत्या ‘द’ या शब्दाचीच अमेरिकेत व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी मिळवली. ते मला पटत नाही. भाषेतला सगळ्यांत जास्त वापरला जाणारा शब्द कोणाच्या मालकीचा व्हावा असे मला वाटत नाही, टी-शर्टपुरतासुद्धा. पण तो शब्द पोकळ असता तर त्यावर कोणी वकील लावले नसते.

२०२०च्या जूनमध्ये घडलेले उदाहरण मला यांत सर्वांत बोलके वाटते. ‘डिक्सी चिक्स’ हा टेक्सासमधल्या तीन बायकांचा नावाजलेला गट. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध जी चळवळ उभी राहिली, त्या काळात त्यांनी नावातला ‘डिक्सी’ काढला, कारण त्या शब्दाला गुलामगिरीच्या काळातल्या दक्षिणेचा वास आहे. उरले नुसते ‘चिक्स’, म्हणजे बोलीतले ‘पोरी’. ते एकटे उभे राहीना, म्हणून त्यांनी ‘द चिक्स’ हे नाव घेतले. न्यूझीलंडमध्ये साठच्या दशकात दोन बहिणींचा याच नावाचा गट होता, त्यांची परवानगी घेतली आणि त्यांचे जाहीर आभार मानले. विशेषण गेल्यावर नावाचा तोल सांभाळायला उपपद आले. साध्या शब्दाला त्याची जास्त गरज असते, असे मी वर म्हटले ते याच अर्थाने.

विरोधातला सर्वांत बळकट युक्तिवाद वर्णानुक्रमाचा आहे. यादीत सगळ्या ‘द’वाल्यांना एकत्र ठेवले तर निम्मी यादी एकाच अक्षराखाली जाईल, म्हणून उपपद वगळा. यादी लावण्यापुरते हे बरोबर आहे, आणि त्यावर एक सुंदर उपायही आहे. ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदीत पुस्तकाच्या नावाशेजारी एक आकडा टाकतात. ‘द’साठी ४: तीन अक्षरे आणि एक मोकळी जागा. म्हणजे नाव पूर्ण लिहायचे, क्रम लावताना तेवढे ओलांडायचे. नावाला धक्का नाही आणि क्रमही बिघडत नाही. पुस्तकांच्या नावाला जो मान दिला तो माणसांच्या गटांना मात्र दिलेला नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ‘द हू’ या बँडचे अधिकृत शीर्षक ‘हू’ असे आहे आणि पुढे कंसात ‘संगीत गट’ अशा अर्थाचे शब्द आहेत. ‘द बँड’ही तसाच: ‘बँड’, आणि पुढे कंस. एक शब्द अनावश्यक म्हणून काढला आणि त्याची उणीव भरायला दोन शब्द घालावे लागले. हे ज्याने पाहिले त्याला उपपद निरर्थक आहे असे कसे म्हणवेल? मॅट जॉन्सनने १९७९मध्ये लंडनला काढलेल्या गटाचे नाव ‘द द’ आहे. त्यातून उपपद वगळा आणि काय उरते ते पाहा.

इंग्रजीतला निम्मा वाद आपल्या वाट्याला येतच नाही. वाक्याच्या मधे बीटल्सचे उपपद मोठ्या लिपीत की लहान, यावर विकिपीडियाच्या संपादकांत वर्षानुवर्षे भांडण चालले आणि २०१२मध्ये मतदानाने लहान अक्षरावर मिटले. देवनागरीत लहान-मोठे नाही. आपल्यापुढचा प्रश्न सरळ आहे: लिहायचे की नाही. आणि ‘मराठीला उपपद नाही, म्हणून लिहू नये’ हे उत्तर दिसते तितके सरळ नाही, कारण आपण कित्येक उपपदे रोज लिहितो. ‘द हिंदू’ या दैनिकाचा उल्लेख करताना कोणीही ‘हिंदूने अग्रलेखात म्हटले आहे’ असे लिहीत नाही. लिहिले तर अर्थच बदलेल. पाऊस लांबला, की ‘एल निनो’ पहिल्या पानावर येतो. त्यातला ‘एल’ हे स्पॅनिश उपपद आहे, आणि शेतकऱ्यापासून हवामान खात्यापर्यंत कोणीही नुसते ‘निनो’ म्हणत नाही. गोव्यात १९००पासून निघणाऱ्या ‘ओ हेराल्डो’तला ‘ओ’ पोर्तुगीज उपपद. १९८३मध्ये पत्र इंग्रजी झाले तरी तो ‘ओ’ नावातून गेला नाही. गोवेकर बोलताना नुसते ‘हेराल्ड’ म्हणतात. छापलेले एक, बोललेले एक, आणि दोन्ही आपापल्या जागी ठीक.

याहून जवळचे उदाहरण मराठी रंगभूमीचे आहे. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’सारखी नाटके ज्या मुंबईच्या संस्थेने रंगभूमीवर आणली तिचे नाव ‘धी गोवा हिंदु असोसिएशन’. हा ‘धी’ म्हणजे इंग्रजीतला तोच शब्द, जुन्या मराठी कानाने ऐकलेला आणि जुन्या मराठी हाताने लिहिलेला. नाटकवाले बोलताना ‘गोवा हिंदु’ म्हणून मोकळे होतात. पण संस्थेचे नाव नीट लिहायची वेळ आली, की ‘धी’ लागतो, आणि तो ‘द’ किंवा ‘दि’ करून कोणी सुधारायलाही जाऊ नये. परक्या भाषेच्या उपपदाशी कसे वागावे याचा नियम मला यात तयार मिळतो. तो कोणत्या व्याकरणाच्या पुस्तकातून आलेला नाही, आपल्याच लोकांनी वापरून ठरवलेला आहे. मराठीत बीटल्सवर लिहिताना पहिल्यांदा ‘द बीटल्स’ लिहावे, मग लेखभर ‘बीटल्स’ म्हणत जावे, मी वर केले तसे. ज्यांचे नाव उपपदाविना कोसळते, म्हणजे ‘द हू’, ‘द बँड’, ‘द पोलिस’, त्यांचे उपपद एकदाही सोडू नये. ‘पोलिसांनी १९७८मध्ये पहिला अल्बम काढला’ असे वाक्य छापायची पाळी कोणत्याही संपादकावर येऊ नये.

आपल्या भाषेला उपपद नसले तरी त्याचे बळ काय असते ते आपल्याला माहीत आहे. बालकवींची कविता ‘फुलराणी’ आहे आणि पु. ल. देशपांड्यांचे नाटक ‘ती फुलराणी’. तो ‘ती’ कोणी अनावश्यक म्हणून काढला तर आपण त्याला दारात उभे करणार नाही. एका दर्शक सर्वनामाने कविता आणि नाटक वेगळे होतात, हिरवळीवरची कळी आणि मंजुळा वेगळी होते.

एक हरकत उरते ती फॅशनची. २००१च्या सुमारास न्यूयॉर्कचे ‘द स्ट्रोक्स’, डेट्रॉइटचे ‘द व्हाइट स्ट्राइप्स’, स्वीडनचे ‘द हाइव्ह्ज’, ऑस्ट्रेलियाचे ‘द व्हाइन्स’ असे गट पाठोपाठ गाजले आणि नावात ‘द’ असणे हीच एक टूम झाली. तेव्हाच्या कित्येक नावांत उपपदाला साठच्या दशकातल्या जुन्या कोटाइतकाच अर्थ होता, हे मान्य. आपल्याकडेही पुण्याचा ‘अग्नी’ किंवा दिल्लीचा ‘इंडियन ओशन’ यांनी उपपदाविना उत्तम नावे केली, आणि चंदीगडच्या ‘द लोकल ट्रेन’ने उपपद घेऊन. मुंबईत आपण ‘लोकल’ म्हणतो, कोणती ते सांगावे लागत नाही. बाहेरगावच्या मुलांनी ते इंग्रजी नाव घेताना त्याला ‘द’ लावला तर ते मला योग्यच वाटते, कारण त्याशिवाय तो नुसता वेळापत्रकातला शब्द राहिला असता. मात्र मराठी शब्दाला इंग्रजी ‘द’ लावलेली नावे अलीकडे दिसतात, चहाच्या टपरीपासून कपड्यांच्या दुकानापर्यंत, ती मला खटकतात. तिथे उपपद काहीच करत नाही. शब्द आपला, आणि त्याला बाहेरून आणलेली टोपी, एवढेच त्याचे काम.

मागच्या महिन्यात आमच्या शेजारची मुलगी हाच प्रश्न घेऊन आली. कॉलेजातल्या चौघी-पाच जणांचा बँड आहे, नाव मराठी, अनेकवचनी, रोजच्या वापरातला एक शब्द. ते त्यांनी अजून जाहीर केलेले नाही म्हणून इथे लिहीत नाही. गटात दोन तट पडले होते. एकीचे म्हणणे, पुढे ‘द’ लावला की पोस्टरवर भारदस्त दिसेल. दुसरीचे म्हणणे, नुसता शब्द ठेवला तर इंटरनेटवर शोधताना त्याच शब्दाची हजार पाने येतील आणि आपण सापडणारच नाही. ‘काका, तुम्ही सांगा,’ म्हणाली. मी वर लिहिलेले बरेचसे तिला सांगितले आणि शेवटी म्हटले, शब्द मराठी आहे तर ‘द’ नको. नेमकेपणा हवाच असेल तर आपल्याकडे ‘त्या’ आहे, तो लावून बघा. तिने तो शब्द ‘त्या’ लावून दोनदा मोठ्याने म्हणून पाहिला. मग म्हणाली, ‘पण मग आम्ही मुलीच आहोत असं वाटेल. आमच्यात ड्रमवर सुहृद आहे ना.’

हे माझ्या लक्षात आले नव्हते. इंग्रजी उपपदाला लिंग नाही, आपल्या ‘तो-ती-ते’ला आहे, आणि ‘त्या’ म्हटले की सुहृद नावाबाहेर पडतो. शब्द स्त्रीलिंगी आहे, त्याला काही इलाज नाही. मी तिला ‘मंडळी’ सुचवले. ती विचार करते म्हणाली. पोस्टर छापायला जायचे आहे शुक्रवारी, तोवर काय ते त्यांचे त्यांना ठरवायचे आहे.